संकटातील मित्र (रहस्यकथेतील कथासूत्र)

'संकटातील मित्र' हे लोकप्रिय रहस्यकथेतील, विशेषतः खासगी गुप्तहेर नायक असलेल्या कथेतील, एक प्रमुख कथासूत्र आहे. या प्रकारच्या कथेत गुप्तहेर एखाद्या अनोळखी अशिलाचे काम शुल्क घेऊन स्वीकारत नाही. खुनाचा आळ, खंडणी, बेपत्ता होणे किंवा फसवणूक अशा संकटात सापडलेल्या मित्रासाठी तो तपासात उतरतो. इंग्रजी व अमेरिकी रहस्यकथेत हे सूत्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपासून आढळते. मराठीत ते बाबूराव अर्नाळकर यांच्या पिढीपासून पुढे निरनिराळ्या रूपांत दिसते. भारतात खासगी गुप्तहेराचा व्यवसाय कायद्याने नियमित झालेला नाही व सामान्य वाचकाच्या अनुभवातही तो फारसा येत नाही. त्यामुळे मराठी कथेत नायकाला गुन्ह्याच्या तपासात आणण्याचे काम अनेकदा व्यवसायाऐवजी नात्याला करावे लागते.

संज्ञा

मराठीत 'गुप्तहेर' हा एकच शब्द दोन भिन्न व्यक्तींसाठी वापरला जातो. परराज्याची किंवा शत्रूची बातमी काढणारा हेर ही पहिली व्यक्ती. या अर्थाची परंपरा जुनी असून शिवकालीन हेरखात्याचे प्रमुख म्हणून बहिर्जी नाईक यांचे नाव मराठी वाचकाला परिचित असते. गुन्ह्याचा छडा लावणारा तपासनीस ही दुसरी व्यक्ती. हा अर्थ इंग्रजी 'डिटेक्टिव्ह' या शब्दासाठी पुढे रूढ झाला. दोन्ही अर्थ एकाच शब्दात सामावल्यामुळे मराठी लोकप्रिय साहित्यात लष्करी हेर, पोलीस अधिकारी, वकील आणि खासगी तपासनीस यांच्या कथा 'रहस्यकथा' या एकाच नावाखाली आल्या.

'पल्प' ही संज्ञा लाकडाच्या लगद्यापासून बनवलेल्या हलक्या, स्वस्त कागदावरून आली. अशा कागदावर छापलेल्या अमेरिकी मासिकांतून साहसकथा, गुन्हेगारी कथा व विज्ञानकथा प्रसिद्ध होत. मराठीत यासाठी स्वतंत्र शब्द नाही. कथेच्या साहित्यिक दर्जावर बोट ठेवण्यासाठी काही टीकाकारांनी 'गल्लाभरू' यासारखी विशेषणे वापरली, तर वाचकांनी 'रहस्यकथा', 'डिटेक्टिव्ह कादंबरी' किंवा 'पॉकेटबुक' हे शब्द स्वीकारले.

कथासूत्राचे स्वरूप

या कथेची रचना सामान्यतः चार टप्प्यांत उलगडते. मित्राचा निरोप येतो किंवा त्याच्या अटकेची बातमी कळते. परिस्थितीजन्य पुरावा मित्राच्या विरोधात असतो. नायक पुराव्यापेक्षा मित्राच्या स्वभावावर विश्वास ठेवून तपास सुरू करतो. अखेरीस त्या विश्वासाची परीक्षा होते.

अशिलाच्या कथेहून ही कथा तीन बाबतींत वेगळी ठरते. पहिली बाब माघारीची. पैसे घेऊन काम करणारा गुप्तहेर काम सोडू शकतो, मित्र सोडू शकत नाही. दुसरी बाब माहितीची. नायकाला आरोपीचा भूतकाळ आधीच ठाऊक असतो, त्यामुळे लेखकाला पात्रपरिचयात पाने खर्च करावी लागत नाहीत. कमी पृष्ठांच्या स्वस्त पुस्तिकेत ही सोय महत्त्वाची असते. तिसरी बाब दृष्टिदोषाची. ज्या जवळिकीमुळे नायकाला मित्राचे निरपराधित्व जाणवते, तीच जवळीक त्याला मित्राचा अपराध दिसू देत नाही.

शेवटावरून या कथांचे दोन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात मित्र निर्दोष ठरतो आणि खरा गुन्हेगार त्याच्याच घरात, कार्यालयात किंवा नात्यात सापडतो. दुसऱ्या प्रकारात मित्रानेच नायकाच्या विश्वासाचा उपयोग करून घेतलेला असतो. पहिला प्रकार वाचकाला दिलासा देतो व मालिकेतील कथांना सोयीचा असतो. दुसरा प्रकार तुलनेने विरळ असला तरी या सूत्रातील नामवंत कलाकृतींपैकी काही त्याच प्रकारातील आहेत.

इंग्रजी व अमेरिकी परंपरा

आर्थर कॉनन डॉयल यांच्या १८९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द नेव्हल ट्रीटी' या शेरलॉक होम्स कथेत डॉ. वॉटसनचा शाळासोबती पर्सी फेल्प्स संकटात सापडतो. परराष्ट्र खात्यात त्याच्या ताब्यातील गुप्त कराराचा मसुदा चोरीस जातो आणि तो आजारी पडतो. तो होम्सला थेट न लिहिता वॉटसनला पत्र लिहितो. चोरीचा उलगडा अखेर त्याच्या निकटच्या वर्तुळातच होतो. सत्यशोधक एक आणि मित्र दुसऱ्याचा, अशी विभागणी करून डॉयल यांनी होम्सची तटस्थता अबाधित ठेवली. अ‍ॅगाथा ख्रिस्ती यांच्या 'द मिस्टिरियस अफेअर अ‍ॅट स्टाइल्स' या पहिल्या कादंबरीतही हीच विभागणी आहे. तेथे हेस्टिंग्ज आपल्या जुन्या मित्राच्या घरी पाहुणा असतो व तपास पॉयरो करतो.

अमेरिकी पल्प लेखकांनी ही विभागणी मोडली आणि नायकालाच मित्र केले. डॅशिएल हॅमेट यांच्या 'द ग्लास की' (१९३१) या कादंबरीत नेड बोमाँट हा राजकीय पुढारी पॉल मॅडविग याच्यावर आलेला खुनाचा संशय दूर करण्यासाठी धडपडतो. रेमंड चँडलर यांची 'द लाँग गुडबाय' (१९५३) ही या सूत्राची सर्वांत प्रसिद्ध कादंबरी मानता येईल. तिच्यात खासगी गुप्तहेर फिलिप मार्लो हा टेरी लेनॉक्स या मित्राला, त्याच्या पत्नीचा खून झाल्यानंतर, मेक्सिकोच्या सीमेपलीकडे सोडून येतो. पोलिसांना काहीही सांगण्यास नकार दिल्याने त्याला कोठडीत राहावे लागते. कादंबरीच्या अखेरीस मैत्री कायम राहत नाही. मित्र जिवंत परततो, परंतु मार्लोच्या लेखी त्यांचे नाते संपलेले असते. १९४९ च्या 'द थर्ड मॅन' या ब्रिटिश चित्रपटाचा नायक स्वतःच स्वस्त साहसकथांचा लेखक आहे. मित्राच्या मृत्यूचा शोध घेताना मित्रच गुन्हेगार असल्याचे त्याला आढळते.

बंगाली परंपरा

भारतीय भाषांपैकी बंगालीत खासगी सत्यशोधकाची परंपरा विशेष समृद्ध आहे. शरदिंदु बंद्योपाध्याय यांचा ब्योमकेश बक्षी व सत्यजित राय यांचा फेलूदा हे तिचे दोन ठळक नायक आहेत. ब्योमकेश आणि अजित यांची मैत्री कोलकात्यातील एका सामायिक निवासात, गुन्ह्याच्या सावटाखाली सुरू होते. फेलूदाच्या कथांतील 'जटायू' हे पात्र लोकप्रिय साहसकथांचा लेखक असून तो पुढे नायकाचा स्नेही बनतो. बासू चॅटर्जी यांच्या दूरदर्शन मालिकेमुळे (१९९३) ब्योमकेश मराठी घरांत पोहोचला. फेलूदाच्या कथा अशोक जैन यांच्या अनुवादांमुळे मराठी वाचकांना उपलब्ध झाल्या.

मराठी रहस्यकथेतील आविष्कार

अर्नाळकर आणि त्यांचे नायक

बाबूराव अर्नाळकर (मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण, मृत्यू १९९६) हे मराठी लोकप्रिय रहस्यकथेचे सर्वांत प्रसिद्ध लेखक होत. त्यांनी एक हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि या विपुल लेखनाची नोंद गिनेस बुकाने घेतली. झुंजार, काळा पहाड आणि धनंजय-छोटू ही त्यांच्या कथांतील सर्वाधिक परिचित पात्रे आहेत.

तिन्ही नायक गुन्ह्याच्या वाटेला वेगवेगळ्या कारणांनी येतात. धनंजय आणि त्याचा साहाय्यक छोटू ही जोडी होम्स आणि वॉटसन यांच्या वळणाची असल्यामुळे त्यांच्याकडे गाऱ्हाणे घेऊन कोणीतरी येणे स्वाभाविक ठरते. झुंजार हा पत्नी विजया हिच्यासह साहसात उतरणारा मुंबईकर असून तो उपजीविकेसाठी तपास करत नाही. काळा पहाड कायद्याच्या चौकटीबाहेर राहून दुर्जनांना शासन करतो. धनंजयाच्या कथेत व्यवसाय हे कारण पुरते. इतर दोघांच्या कथांना मात्र परिचय, दया, मैत्री किंवा अन्यायाची चीड यांपैकी एखादे निमित्त लागते.

अर्नाळकरांनंतर

गुरुनाथ नाईक (मृत्यू २०२१) यांनीही विपुल लेखन केले. त्यांच्या कॅप्टन दीप यासारख्या नायकांमुळे रहस्यकथेचा कल खासगी तपासाकडून लष्करी व देशरक्षणाच्या साहसाकडे झुकला. अशा नायकाला कर्तव्याची आज्ञा असते, त्यामुळे मित्राच्या हाकेची तितकीशी गरज उरत नाही.

सुहास शिरवळकर (१९४८–२००३) यांनी मंदार पटवर्धन, अमर विश्वास, फिरोज इराणी व दारा बुलंद अशा नायकांच्या मालिका लिहिल्या. यांपैकी अमर विश्वास हा वकील आहे. वकील-नायकामुळे संकटातील मित्राचा प्रश्न न्यायालयात नेता येतो, कारण तेथे नायकाला आरोपीच्या बाजूने उभे राहण्याचा कायदेशीर अधिकार असतो. पुढे शिरवळकरांची सर्वाधिक गाजलेली कादंबरी 'दुनियादारी' ही रहस्यकथा नसून महाविद्यालयीन मित्रांची कथा आहे. तिच्यावर आधारित चित्रपट २०१३ मध्ये प्रदर्शित झाला.

किशोर साहित्य

भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांचा 'फास्टर फेणे' हा या सूत्राचा किशोरवयीन आविष्कार होय. फुरसुंगीचा बनेश फेणे पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकतो. तो गुप्तहेर नाही, परंतु सोबत्यांवर आलेल्या प्रसंगात स्वस्थ बसत नाही. आदित्य सरपोतदार दिग्दर्शित 'फास्टर फेणे' (२०१७) या चित्रपटात हे सूत्र अधिक स्पष्ट झाले. परीक्षेच्या निमित्ताने ओळख झालेल्या एका विद्यार्थ्याच्या मृत्यूला आत्महत्या म्हटले जाते. ते न पटल्याने बनेश शोध घेऊ लागतो. ओळख केवळ काही क्षणांची असूनही त्या मृत मित्राची बाजू मांडणारे दुसरे कोणी नसणे, हीच त्याच्या तपासाची प्रेरणा ठरते.

प्रसार आणि वाचक

मराठी रहस्यकथा लहान आकाराच्या, स्वस्त पुस्तिकांच्या रूपात वाचकांपर्यंत पोहोचली. भाड्याने पुस्तके देणारी खासगी वाचनालये, बसस्थानकांवरील व रेल्वेस्थानकांवरील पुस्तकविक्रेते हे तिच्या प्रसाराचे मुख्य मार्ग होते. एक पुस्तक अनेक हातांतून फिरत असल्याने वाचकसंख्या विक्रीपेक्षा मोठी असे. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढील काळात करमणुकीसाठी वाचनाबरोबर दूरचित्रवाणीही घरोघर आली. 'एक शून्य शून्य' यासारख्या मालिकांनी तपासाचे केंद्र खासगी गुप्तहेराकडून पोलीस दलाकडे नेले. श्रीकांत सिनकर यांच्या पोलिसी तपासावरील लेखनातही वास्तवातील पोलीस अधिकारीच केंद्रस्थानी आहे.

खान्देशाच्या संदर्भात

मराठी लोकप्रिय रहस्यकथेचा भूगोल प्रामुख्याने मुंबईचा आणि काही अंशी पुण्याचा आहे. महानगराच्या गर्दीत गुन्हेगार लपू शकतो आणि गुप्तहेरही अनोळखी राहू शकतो. जळगाव, धुळे यांसारख्या शहरांत ही अनामिकता कमी असते. म्हणून संकटातील मित्राचे सूत्र तेथे वेगळ्या अडचणी व वेगळ्या शक्यता घेऊन येते.

तपासाची स्थानिक परंपरा: खान्देशात आधुनिक पोलीस व्यवस्थेपूर्वीपासून गावोगाव 'जागले' असत. त्यांपैकी अनेक जण भिल्ल समाजातील होते. गावाची राखण करणे आणि चोरी झाल्यास पावलांच्या ठशांवरून चोराचा माग काढणे हे त्यांचे काम होते. 'माग काढणे', 'मागावर असणे', 'मागमूस न लागणे' या मराठी वाक्प्रचारांत याच प्रकारच्या शोधाची आठवण टिकून आहे. जागल्या हा गावाचा सेवक असल्यामुळे तो ज्याच्या मागावर असे, ती व्यक्ती त्याच्या ओळखीची असण्याचा संभव मोठा होता. ओळखीच्या माणसाचा तपास करण्याचा पेच त्यामुळे या प्रदेशाला छापील रहस्यकथेच्या आधीपासून परिचित आहे.

दळणवळण: तपासाच्या कथेत अंतर आणि वेळ यांना महत्त्व असते. जळगाव मुंबईपासून लोहमार्गाने सुमारे ४२० किलोमीटर अंतरावर असून तेथे सुरतेकडून येणारा मार्ग मुख्य मार्गाला मिळतो. भुसावळ हे मोठे जंक्शन व रेल्वेच्या विभागाचे मुख्यालय आहे. धुळे चाळीसगावशी शाखामार्गाने जोडलेले असून मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे दोन महामार्ग तेथे एकमेकांना छेदतात. गुन्ह्याच्या वेळी आरोपी अन्यत्र होता, हे सिद्ध करण्यासाठी रेल्वेचे वेळापत्रक आणि तिकीट यांचा आधार घेणे ही रहस्यकथेची जुनी रीत आहे. जंक्शनच्या प्रदेशात ती सहज लागू पडते. धावत्या गाडीतील किंवा स्थानकातील गुन्ह्याचा तपास लोहमार्ग पोलिसांकडे असतो, त्यामुळे एकाच प्रकरणात दोन पोलीस यंत्रणा येऊ शकतात.

प्रशासन व बोली: पूर्वीच्या अखंड खान्देश जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व व पश्चिम असे विभाजन झाले. पूर्व खान्देशाचे ठाणे जळगाव आणि पश्चिम खान्देशाचे धुळे झाले. १९९८ मध्ये धुळे जिल्ह्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा करण्यात आला. या प्रदेशात अहिराणी व तिच्याशी जवळीक असलेल्या बोली, तसेच जळगावच्या पूर्व भागात लेवा समाजाची बोली प्रचलित आहे. बोलण्यातील हेलावरून माणसाचा तालुका ओळखणे स्थानिकांना जमते. धमकीच्या फोनमधील आवाज किंवा निनावी चिठ्ठीतील एखादा शब्द हा बाहेरच्या तपासनिसाला न दिसणारा, पण मित्राला लगेच कळणारा पुरावा ठरू शकतो.

प्रतिष्ठेचा प्रश्न: जळगावचा सराफ बाजार, रावेर-यावल भागातील केळीचा व्यापार आणि कापसाची उलाढाल हे व्यवहार मोठ्या प्रमाणावर परस्परांच्या पतीवर चालतात. अशा ठिकाणी आळ आलेल्या माणसाचे नुकसान निकालापूर्वीच होते, कारण उधारी थांबते आणि सोयरिकी मोडतात. न्यायालयातून सुटका झाली तरी खरा गुन्हेगार सापडेपर्यंत गावातील संशय संपत नाही. मित्राला केवळ सोडवणे पुरेसे नसून सत्य बाहेर आणणे आवश्यक असते, या रहस्यकथेच्या गृहीतकाला येथे सामाजिक आधार मिळतो.

कायदेशीर वास्तव

रहस्यकथेतील खासगी गुप्तहेर आणि भारतीय कायदा यांत मोठे अंतर आहे. खासगी गुप्तहेर संस्थांच्या नियमनासाठी २००७ मध्ये राज्यसभेत विधेयक मांडले गेले, परंतु त्याचा कायदा झाला नाही. खासगी सुरक्षा संस्थांविषयीचा २००५ चा अधिनियम पहारेकऱ्यांसारख्या सेवांसाठी आहे. त्यामुळे खासगी गुप्तहेराला सामान्य नागरिकाहून अधिक अधिकार नाहीत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यांनुसार या कथासूत्राशी संबंधित तरतुदी पुढीलप्रमाणे आहेत:

• अटक: भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार खासगी व्यक्ती आपल्या समक्ष दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्यास किंवा उद्घोषित अपराध्यास पकडू शकते. अशा व्यक्तीला विनाविलंब व सहा तासांच्या आत पोलिसांच्या स्वाधीन करावे लागते.

• कबुली: भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ नुसार पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. खासगी व्यक्तीसमोरील कबुली ग्राह्य ठरू शकते, परंतु न्यायालये तिच्याकडे सावधपणे पाहतात व पूरक पुरावा शोधतात. शेवटच्या प्रकरणात गुन्हेगाराने नायकासमोर सर्व काही कबूल करणे एवढ्यावर प्रत्यक्षातील खटला सहसा उभा राहत नाही.

• आसरा: अपराध्यास शिक्षेपासून वाचवण्यासाठी आसरा देणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४९ नुसार गुन्हा आहे. ज्याच्या अटकेचा आदेश निघाला आहे, अशा व्यक्तीला ते माहीत असूनही अटक टाळण्यासाठी लपवणे कलम २५३ खाली येते. पती किंवा पत्नीने दिलेल्या आसऱ्याला दोन्ही कलमांत अपवाद आहे. मित्रासाठी असा अपवाद नाही.

• पुरावा नष्ट करणे: अपराध्याला वाचवण्यासाठी गुन्ह्याचा पुरावा नाहीसा करणे किंवा खोटी माहिती देणे कलम २३८ नुसार दंडनीय आहे.

• तक्रारीचे ठिकाण: दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्दीचा विचार न करता कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. मुंबईत घडलेल्या गुन्ह्याची खबर जळगावात किंवा धुळ्यात देणे त्यामुळे शक्य आहे.

या तरतुदींमुळे कथेतील नायकाची कृती किती धोक्याची आहे हे स्पष्ट होते. मित्राला आपल्या खोलीत लपवणारा, त्याचे रक्ताळलेले कपडे नाहीसे करणारा किंवा पोलिसांना चुकीची दिशा दाखवणारा नायक स्वतः आरोपी होऊ शकतो. 'द लाँग गुडबाय'मधील मार्लोची कोठडी हा या धोक्याचा कथेतच मान्य केलेला दाखला आहे. मालिकास्वरूपातील कथांमध्ये मात्र खरा गुन्हेगार सापडला की नायकाचे मधले अपराध सहसा विसरले जातात.

मूल्यमापन

लोकप्रिय रहस्यकथेवर घटनांची अतिशयोक्ती, साचेबद्ध पात्रे व परकीय कथांचे अनुकरण असे आक्षेप घेतले जातात. संकटातील मित्राचे सूत्रही या आक्षेपांतून सुटत नाही. नायकाचा मित्र निर्दोषच असणार हे वाचकाला पहिल्या पानापासून कळत असेल, तर रहस्य केवळ 'कोणी केले' एवढ्यापुरते उरते. तसेच आरोपी आपला असेल तर पोलिसांचा पुरावा खोटाच असणार, अशी समजूत या कथा दृढ करतात असेही म्हणता येते.

दुसऱ्या बाजूने, हे सूत्र संशयित व्यक्तीकडे पाहण्याची एक वेगळी रीत वाचकापुढे ठेवते. पोलीस तपासात आरोपी हा पुराव्यांच्या साखळीतील एक दुवा असतो. मित्राच्या तपासात तो आधी एक माणूस असतो. दोष सिद्ध होईपर्यंत आरोपी निर्दोष मानावा, हे न्यायतत्त्व लोकप्रिय कथेने मैत्रीच्या भाषेत सांगितले. मात्र मित्रावरील विश्वास हा तपासाचा प्रारंभ होऊ शकतो, त्याचा पुरावा होऊ शकत नाही. या सूत्रातील ज्या कथांनी ही मर्यादा ओळखली, त्यांत मित्राच्या निरपराधित्वाबरोबर नायकाच्या विवेकाचीही परीक्षा होते.

हेही पाहा

• बाबूराव अर्नाळकर
• सुहास शिरवळकर
• गुरुनाथ नाईक
• फास्टर फेणे
• ब्योमकेश बक्षी
• शेरलॉक होम्स
• खान्देश